घरात आहे, कामावर जात नाही

"पॉले, गो पॉलेऽऽ! पानी ठेव गो, आयलो मीऽऽ!"

बोट धक्क्याला लागायच्या आधी सेबेस्टियनचा आवाज घरी पोचायचा. इंजिनाची फटफट ओलांडून, सुकत घातलेल्या जाळ्यांखालून, बोंबील टांगलेल्या बांबूच्या वलांडींमधून वाट काढत तो आवाज पाचूबंदरच्या चिंचोळ्या गल्लीत शिरायचा, आणि त्याची तिसरीतली लेक पॉलिन वही टाकून चुलीकडे धावायची. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, ह्या माणसाला घड्याळ कशाला, त्याच्या नरड्यावर गल्ली जेवते.

मग एका दुपारी बोट आली. बोट चालवणारा तांडेल आला, खलाशी आले, जाळी आली. आवाज तेवढा आला नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पॉलिन मधल्या काळात नन्सच्या बोर्डिंगात राहिली, शिकली, वसईच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवू लागली. स्टेशनच्या पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहते. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आईकडे पाचूबंदरला जाते, संध्याकाळी परत येते. पीएच.डी.चं काम सुरू आहे, विषय मच्छीमार घरांतले स्त्रियांचे श्रम. आणि कुणी विचारलंच, घरी कोण कोण असतं, तर ती म्हणते, "आई असते, पपा असतात." विचारणारा पुढे जातो. तीही जाते.

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात गेल्या त्या सुमाराला तिचे मार्गदर्शक धनेश सर तिला विभागात शोधत आले. एरवी ते कुणाला शोधत येत नाहीत, निरोप पाठवतात.

"पॉलिन, बस. आधी बस. हा तक्ता कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही सर."

"दाखवू नकोस. चोरतील." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे वाच. मोठ्याने वाच, मला ऐकायचंय."

तक्ता तिनेच केला होता. पाचूबंदर आणि आसपासच्या घरांतून माहिती गोळा झाली होती. घरातला पुरुष काय करतो, ह्या प्रश्नाला तीन उत्तरं ठेवलेली: मासेमारीला जातो, दुसरीकडे नोकरी करतो, म्हणजे बहुधा सातिवलीच्या एखाद्या कारखान्याच्या गाळ्यात, आणि तिसरं, घरात आहे, कामावर जात नाही. शेजारून, नात्यातून, बोटीवरून घरात फुकट मासळी किती वेळा येते, हाही एक प्रश्न होता. पॉलिनने वाचलं, "ज्या घरात पुरुष कामावर जात नाही, त्या घरात बाहेरून मासळी येण्याचं प्रमाण इतर घरांच्या दुपटीहून जास्त आहे. हा संबंध योगायोगाने आला असण्याची शक्यता नगण्य."

"नगण्य!" सरांनी टेबलावर थाप मारली. "अगं, आपण समजत होतो रिकामा बसलेला पुरुष म्हणजे घरावरचं ओझं. इथे उलट! हा दिवसभर धक्क्यावर बसतो, गप्पा मारतो, ओळखी राखतो, आणि त्या ओळखी घरात मासळी आणतात. पुरुष श्रमातून माघार घेतो आणि माघारीतून सामाजिक भांडवल उभं करतो. माणसांची माणसांवर जी उधारी असते ना, विश्वासाची, तिचं भांडवल. जानेवारीच्या परिषदेत वाचायचं हे. शीर्षक पण सुचलंय मला."

"सर, ते वयांचं…"

"कसलं वयांचं?"

"ह्या तिसऱ्या गटात नवऱ्यांची वयं फार कमी आली होती. बायको पन्नाशीची आणि नवरा तिशीतला, असं. एक-दोन नव्हे, बऱ्याच घरांत."

"ते आपण साफ केलं ना?"

केलं होतं. पॉलिनने स्वतः केलं होतं. भरताना चूक झाली असणार असं समजून तिने ती वयं खोडली आणि इतर जोडप्यांतला सरासरी फरक धरून प्रत्येक नवऱ्याला बायकोहून चार वर्षांनी मोठा केला. एक दुपार त्यात गेली होती. शेवटी तक्ता गुळगुळीत दिसायला लागला, तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

"मग झालं तर," सर म्हणाले. "आता आकड्यांना तोंड हवं. त्या पुरुषांना भेट. त्यांना बोलतं कर. कसे बसतात, कुणाशी बोलतात, काय म्हणतात स्वतःबद्दल. पाच-सहा कहाण्या मिळाल्या तरी पुरे."

त्या शनिवारी पॉलिन डायनाला घेऊन निघाली. मूळ पाहणी डायनानेच केली होती. नालासोपाऱ्यात वाढलेली, बोलण्यात चटपटीत, कामाला चोख. पॉलिन मुद्दामच पाहणीला गेली नव्हती. ओळखीच्या माणसाला लोक खरं सांगत नाहीत, असं तिने वर्गात कितीदा शिकवलं होतं.

पहिलं घर कमळीचं. कमळी दारात मांदेली निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि तोंड तर कधी रिकामं नसायचंच.

"आयली गो, क्रिस्टिनाची बाय आयली! बाजूला व्हा रे, मोठी मास्तरीन आयली. आनि ही कोन? मागं ती आयली होती ना, चुलीत जाळ किती घालता विचारनारी, तीच ही! काय गो, मोजलास का आमचा जाळ?"

डायना हसली. "मोजला की मावशी. तुमचाच सगळ्यात जास्त निघाला."

"असनारच. आमी पोटभर जेवताव."

चहा आला. पॉलिनने हळूच विषय काढला. "कमळीमावशी, काका कुठे आहेत? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

कमळीचा हात मांदेलीवर थांबला. तिने पॉलिनकडे पाहिलं, नुसतं पाहत राहिली. जणू पॉलिनने मराठी सोडून भलत्याच भाषेत काही विचारलं होतं.

"हाय की," ती म्हणाली.

"धक्क्यावर गेलेत?"

"नाय."

"मग झोपलेत? उशिरा येऊ का?"

कमळीने टोपली बाजूला सारली. डायनाला म्हणाली, "तू जा गो बाय, पलीकडं पोरी बोंबील घालतात वलांडीवर, बघून ये." डायना उठली नाही, पण तिने पेन खाली ठेवलं. कमळी पॉलिनच्या जवळ सरकली. आवाज अगदी बारीक केला.

"तू ह्या गावची ना गो? तू मना विचारतेस?"

आत भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. काळ्याभोर मिश्या, तरणा चेहरा. फोटोला हार नव्हता. पॉलिनने तो पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला.

"त्यांचं वय काय, मावशी?"

"चौतीस," कमळी म्हणाली. "मी ह्या पोरीला पन सांगितलं होतं, चौतीस. तवा ती माझ्याकडं बघून हसली."

मग कमळीने सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, घरची रीत नव्या सुनेला सांगावी तसं. बोटीवरच्या प्रत्येक माणसाच्या घरी मासळीतून रोजच्या कालवनाचा वाटा येतो. समुद्राने माणूस नेला आणि परत दिला नाही, त्याचं काहीच हाताला लागलं नाही, तर तो गेला असं कुणी म्हणायचं नाही. तांडेलाने नाही, भावाने नाही, फादरने नाही, भटाने नाही. तो शब्द पहिल्यांदा निघायचा तर त्याच्या बायकोच्या तोंडून. ती बोलेपर्यंत माणूस घरातच. त्याचा वाटा बोटीवरून येत राहणार. ती बोलली की मग मिस्सा, मग तेरावं, ज्याचं जे असेल ते. आणि दुसऱ्या दिवसापासून वाटा बंद.

"कुनी एका महिन्यात बोलते," कमळी म्हणाली. "कुनी बोलतच नाय. कुनी कुनाला विचारत नाय गो. हे विचारायचं नसतं."

पलीकडे बोंबील घालणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी गुणगुणत होती, हाताच्या लयीत, दुसरी तिची ओळ उचलून घेत होती:

"दर्या माझ्या दादा, किती तुझा पसारा,
दारी ठेविला उंबरा, येनाऱ्याचा…"



दुपारपर्यंत त्या आणखी चार घरी गेल्या. आता ती काही विचारत नव्हती. दारात बसायची, पाणी घ्यायची, आत भिंतीकडे नजर जायची. तिसऱ्या गटातली घरं ओळखायला यादी लागत नव्हती. चार घरांत चार तरण्या पुरुषांचे फोटो, हार नाही, दिवा नाही. एका घरात दाराशी पुरुषाची चप्पल होती, पुसून ठेवलेली.

रिक्षाने परतताना डायना रडवेली झाली होती.

"मॅडम, मी विचारलं ना, घरात पुरुष आहे? म्हणाल्या, आहे. कामावर जातो? म्हणाल्या, नाही. मी काय लिहिणार होते? कुंकू होतं त्यांच्या कपाळाला."

"तुझं काही चुकलं नाही."

"मला वाटलं दारू पीत असतील. घरातच पडून असतील." ती थोडं थांबली. बाहेर बघत म्हणाली, "तुमच्या आईकडे पण गेले होते मी. तुम्ही सांगितलं होतं ना, कुणालाच वगळायचं नाही. त्या म्हणाल्या, घरात तिघं. मी, माझी लेक, लेकीचा बाप. मला वाटलं, तुमचे पपा आजारी असतात. तुम्ही पण म्हणता ना नेहमी, पपा घरी असतात. म्हणून मग मी तुम्हाला कधी विचारलं नाही."

पॉलिनने मान हलवली. रिक्षा तशीच धावत राहिली.

म्हणजे तिच्या तक्त्यात पपा होते. घरात आहे, कामावर जात नाही. आणि आईने त्यांचं वय सांगितलं असणार छत्तीस, दुसरं कुठलं सांगणार. पॉलिनने एका दुपारी, चहा पीत, ते छत्तीस खोडलं होतं आणि बापाच्या अंगावर वीस-बावीस वर्षं चढवली होती. त्याला पांढरे केस दिले होते, गुडघेदुखी दिली होती, धक्क्यावर गप्पा मारत बसायला जागा दिली होती. ओळखलं नव्हतं तिने. घरांना नुसते क्रमांक होते.

तिला इतकी वर्षं वाटायचं, ही गोष्ट फक्त त्यांच्याच घरात आहे. आईला एकटीला हे वेड आहे, आणि आपण ते सांभाळायचं आहे. बोर्डिंगातून सुट्टीला आल्यावर आई 'पपा असते तर' असं म्हणायची नाही, 'पपा आले की विचारू' असं म्हणायची. पॉलिन म्हणायची, बरं. आल्बर्टकाका, पपांच्या बोटीचा तांडेल, रोज सकाळी पानात बांधून मासळी ठेवून जायचा, आणि पॉलिनला वाटायचं, केवढा चांगला माणूस. सगळी गल्ली गप्प होती. ती भिडेखातर गप्प नव्हती, नियमाने होती. गावातल्या मुलीला गावाचा नियम ठाऊक नव्हता, कारण तो कुणी सांगायचाच नसतो.

सोमवारी तिने सरांना सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मेलेले पुरुष," ते म्हणाले. "मेलेले पुरुष धक्क्यावर बसून नेटवर्किंग करतात, असं मी परिषदेत सांगणार होतो."

"मीही होते सर."

"हसतील लोक."

"हसू देत."

"नाही, म्हणजे…" सर खरंच हादरले होते. "पण पॉलिन, हे मोठं आहे. माघार वगैरे कचऱ्यात गेलं. हे वेगळंच आहे काहीतरी. गाव मिळून एका माणसाला मरू देत नाही. त्याचा वाटा ठेवतं." ते उठून खिडकीपाशी गेले. "लिहिता येईल. फक्त आधी आकडे दुरुस्त करावे लागतील. ह्या सगळ्यांना मयत ह्या सदरात टाक, बायकांना विधवा. मग तुलना नव्याने कर."

"मी टाकू?"

"मग कोण टाकणार?"

"त्यांनी म्हटलेलं नाही सर. त्यांनी विचारल्यावर सांगितलंय, घरात आहे."

"पॉलिन, माणूस एकतर जिवंत असतो नाहीतर…" सरांनी वाक्य सोडलं. तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "कुणी तुझं आहे का त्यात?"

तिने तक्त्यातल्या एका क्रमांकावर बोट ठेवलं. सर पुन्हा खुर्चीत बसले, ह्या वेळी टेबलाच्या तिच्या बाजूच्या.

"मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नाही सर."

"मग राहू दे. एक सदर नवीन कर. नाव तुला सुचेल ते दे. परीक्षकांशी मी भांडेन."

"तसं केलं तर मीही तेच करतेय ना सर, जे घरात करत आलेय. ठेवतेय त्यांना तसंच. इतरांचं मी काही हलवणार नाही. पण ज्या घरात माझं नाव आहे, त्या घराचं तरी मला खरं लिहायचंय. आणि तो शब्द मी बोलू शकत नाही. तो माझा नाही."

मग रविवार. मिस्सा आटपून ती गेली तेव्हा आई ओट्यावर विळी घेऊन बसली होती. समोर बोंबील, ताजे, काचेसारखे. आल्बर्टने सकाळीच ठेवलेले. क्रिस्टिनाच्या हातांना आता सांधेदुखी आहे, पण विळीवर ते अजून चुकत नाहीत.

"बस गो. चाय हाय टोपात. आज फादरनं लय लांबवलं का? तुझं तोंड वाळलंय."

पॉलिन चहा न घेता समोर बसली. एक बोंबील उचलून साफ करू लागली.

"मेली, हात घान करू नको. मिस्सेची साडी हाय."

"आई, डायना आली होती ना तुझ्याकडे? प्रश्न विचारायला?"

"आयली होती. गोड पोर. लय प्रश्न पन. घरात माणसं किती, चूल कसली, टीवी हाय का. मी म्हनलं, टीवी हाय पन चालत नाय, तो लिहायचा का नको? ती म्हने, लिहिते. आता न चालनारा पन हाय म्हनून लिहायचा का गो?"

पॉलिन हसली नाही. आईनेही मग हसू आवरलं.

"आई, मी तेच विचारते. तू मला सांगशील ते मी लिहीन. तिघं म्हणालीस तर तिघं. घरात माणसं किती?"

विळीवरचा आवाज थांबला. बाहेर कुणीतरी बर्फाची लादी ओढत नेत होतं, तिचा खरखर आवाज लांब जात राहिला.

"तुना काय वाटतं, किती?" आईने विचारलं.

"मला काय वाटतं ते चालत नाही इथे. कमळीमावशीने सांगितलं मला."

"कमळीला तोंड जास्त." आईने बोंबील उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "तरी पन. तुना काय वाटतं, ते सांग. लिहू नको. नुसतं सांग."

पॉलिनने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ते आईच्या हातांकडे बघत सांगितलं.

"मला बोर्डिंगातच कळलं होतं आई. सहावीत. सिस्टरने सगळ्यांच्या बापाची नावं प्रार्थनेत घेतली, जिवंत एकीकडे, मेलेले एकीकडे. माझ्या पपांचं नाव घेताना ती अडखळली आणि कुठेच घेतलं नाही. त्या दिवशी कळलं मला, की ते नाहीत. सुट्टीला आले तेव्हा तुला सांगणार होते. पण तू म्हणालीस, पपा आले की नवा फ्रॉक घेऊ. मग मी म्हटलं, बरं."

"सहावीत?"

"हो."

"तवापासून तुना म्हाईत होतं?"

"तुला सहन होणार नाही असं वाटलं मला. म्हणून मी विचारत राहिले. पपा कधी येणार, पपांसाठी काय ठेवू. तुला बरं वाटावं म्हणून."

आईने विळी आडवी केली. हात पदराला पुसले, ज्या पदराला ती कधी हात लावू द्यायची नाही त्याच पदराला. ती पॉलिनकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की पॉलिनला तो पाहवेना. एखाद्या बाईने आयुष्यभर डोक्यावर हंडा वाहिला, आणि कुणी तिला सांगावं की तो कधीचा रिकामाच होता, तसा.

"मंग मी कोनासाठी ठेवला त्याला घरात?" क्रिस्टिना म्हणाली. "कोनासाठी गो, इतकी वर्सं?"

"आई…"

"त्याच दुपारी सांगितलान मना आल्बर्टनं. बोट लागल्या लागल्या. वहिनी, म्हने, माझ्या डोळ्यांदेखत पान्यात पडला, दोरात पाय अडकला, हात दिला मी, हाताला हात लागला नि सुटला. त्याच दुपारी. मी भिंत धरून खाली बसले. मना रडाया यायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू दारात आयलीस. दप्तर तसंच पाठीला. विचारलंस, पपाचा आवाज नाय आयला, पपा कवा येनार? मी तुझ्याकडं बघितलं. म्हनलं, येल. येवडंच म्हनलं. एकदा म्हनलं, मंग ते परत कसं घेऊ? तू रोज विचारायचीस. मी म्हनलं, पोरीला सहन होनार नाय. मोठी होऊ दे. मंग तू मोठी झालीस, तरी विचारत राहिलीस."

पॉलिन सरकून तिच्याजवळ गेली. बोंबलाचं पाणी साडीला लागलं. आईने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, माशांच्या वासाच्या, थंड हातांत, आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. एवढ्याशा आवाजात, जणू गल्लीने अजून ऐकू नये, क्रिस्टिना म्हणाली,

"गेला गो तो. तुझा पपा गेला."